खासगी ब्लॉग सुरू करताय? दार बंद केलंत, पण किल्ली कुणाकडे आहे?

'टाइपपॅड' या अमेरिकन ब्लॉगिंग सेवेने ऑगस्ट २०२५ मध्ये ग्राहकांना कळवलं की ३० सप्टेंबर २०२५ नंतर सेवा बंद होणार आहे. ही सेवा २००३ साली सुरू झाली होती. त्या तारखेनंतर तिथले ब्लॉग वाचकांना दिसणार नव्हते आणि लेखकांनाही उघडता येणार नव्हते. सामान आवरायला हातात होता साधारण एक महिना.

ज्यांचे ब्लॉग सगळ्यांसाठी खुले होते, त्यांना निदान एक आधार होता. 'इंटरनेट आर्काइव्ह' ही संस्था तिच्या 'वेबॅक मशीन'मध्ये जगभरातल्या खुल्या वेबपानांच्या प्रती जपून ठेवते. मूळ ब्लॉग गेला, तरी त्यातलं काही ना काही तिथे सापडू शकतं.

पण जो ब्लॉग फक्त निवडक सदस्यांसाठी असतो, त्याची प्रत अशी कुठे सापडत नाही. दार बंद असल्यामुळे प्रती काढणाऱ्यांनाही आत येता येत नाही. कंपनी बंद झाली आणि वेळेत मजकूर डाउनलोड केला नसेल, तर विषय संपला.

म्हणूनच खासगी ब्लॉगसाठी सॉफ्टवेअर निवडताना 'कोणतं दिसायला छान आहे?' किंवा 'कोणतं फुकट आहे?' एवढं विचारून भागत नाही. आत कोण येऊ शकतं, आतलं बाहेर कसं जातं आणि उद्या सगळं उचलून दुसरीकडे न्यायचं ठरलं तर नेता येईल का, हे आधी बघावं लागतं.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असताना ब्लॉग कशाला?

कुटुंबाच्या आठवणी, आजारातून जाणाऱ्यांचा आधारगट, सोसायटीचे हिशेब, परदेशातल्या मराठी मंडळाचं अंतर्गत लेखन किंवा एखाद्या अभ्यासकाचे फक्त वर्गणीदारांसाठीचे लेख. यातलं बरंचसं आज व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं. ते सोपं आहे आणि आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांकडे आहे.

पण ग्रुपच्या मर्यादा थोड्याच दिवसांत जाणवतात. सकाळी टाकलेला दोन पानांचा लेख संध्याकाळी शुभेच्छांच्या ढिगाखाली जातो. सहा महिन्यांपूर्वीची माहिती शोधायची तर अंगठा दुखेपर्यंत स्क्रोल करावं लागतं. एका ग्रुपमध्ये जास्तीत जास्त १,०२४ सदस्य घेता येतात.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. ग्रुपमधल्या सदस्यांना एकमेकांचे मोबाइल नंबर दिसतात. मानसिक आजार, घरगुती हिंसा, वंध्यत्व अशा विषयांवरच्या गटात ही किरकोळ बाब नसते. सदस्यांसाठीच्या ब्लॉगवर एका वाचकाला दुसऱ्या वाचकाचा ईमेल किंवा नंबर दिसण्याचं कारण नसतं.

मात्र एका बाबतीत व्हॉट्सअ‍ॅप ब्लॉगच्या पुढे आहे. तिथले मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात, म्हणजे मधल्या कंपनीला ते वाचता येत नाहीत. नेहमीच्या ब्लॉगिंग सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय नसते. ज्याच्या ताब्यात सर्व्हर, त्याला आतला मजकूर तांत्रिकदृष्ट्या वाचता येतो. 'इतर वाचकांपासून खासगी' आणि 'सेवा देणाऱ्या कंपनीपासून खासगी' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्लॉगवर पहिली मिळते, दुसरी मिळत नाही.

'खासगी' म्हणजे नेमकं किती खासगी?

सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट' हा शब्द बऱ्याच ठिकाणी दिसतो, पण त्याचा अर्थ प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. ढोबळमानाने याच्या चार पातळ्या आहेत.

पहिली पातळी म्हणजे ब्लॉग सर्च इंजिनला दिसू नये अशी खूण करणं. वर्डप्रेसमध्ये यासाठी एक चौकोन टिक करावा लागतो. पण ही फक्त विनंती असते. ती मानायची की नाही, हे सर्च इंजिनवर अवलंबून असतं, आणि तसं तिथेच लिहिलेलंही असतं. ज्याच्याकडे लिंक आहे, तो बिनधास्त आत येतो. याला कुलूप म्हणता येणार नाही. ही फक्त दारावरची पाटी काढून टाकणं झालं.

दुसरी पातळी म्हणजे सगळ्यांसाठी एकच पासवर्ड. करायला सोपी, पण एका सदस्याला बाहेर काढायचं असेल तर पासवर्ड बदलून उरलेल्या सगळ्यांना नवा कळवावा लागतो. शिवाय पासवर्ड कुणी पुढे दिला, ते कधीच कळत नाही.

तिसरी पातळी म्हणजे प्रत्येक सदस्याचं वेगळं खातं. कोण आत आहे याची यादी असते आणि एखाद्याचा प्रवेश बंद केला तरी बाकीच्यांना त्रास होत नाही. खऱ्या अर्थाने 'फक्त सदस्यांसाठी' म्हणता येईल असा ब्लॉग इथून सुरू होतो.

चौथी पातळी म्हणजे पैसे भरणाऱ्या सदस्यांचं खातं. इथे कुलपाच्या जोडीला वर्गणी, मुदत, पावती आणि परतावा हे सगळं येतं.

आपल्याला कोणती पातळी हवी आहे हे आधी ठरवलं, तर अर्धे पर्याय आपोआप गळून पडतात.

चार नावं सारखी ऐकू येतात. त्यांच्यात फरक काय?

ब्लॉगर. १९९९ मध्ये सुरू झालेली आणि २००३ पासून गुगलच्या मालकीची असलेली ही सेवा मोफत आहे. सेटिंगमध्ये जाऊन ठरावीक वाचकांचे ईमेल टाकले की ब्लॉग फक्त त्यांनाच दिसतो. मात्र वाचकांना गुगल खात्यातून लॉगइन करावं लागतं आणि अशा निमंत्रित वाचकांची मर्यादा १०० आहे. घरच्या चाळीस माणसांसाठी हे पुरेसं आहे, पण तीनशे सभासदांच्या मंडळाला पुरणार नाही. वर्गणी घेण्याची सोय इथे नाही.

वर्डप्रेस. २००३ मध्ये मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी सुरू केलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर आज जगातल्या ४० टक्क्यांहून अधिक वेबसाइट्सच्या मागे आहे. पण 'वर्डप्रेस' या एका नावाखाली दोन गोष्टी आहेत, आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. 'वर्डप्रेस डॉट कॉम' ही 'ऑटोमॅटिक' या कंपनीची तयार सेवा आहे. 'वर्डप्रेस डॉट ऑर्ग'वरून मिळतं ते सॉफ्टवेअर, जे कुणीही भाड्याच्या सर्व्हरवर स्वतः बसवू शकतं.

सॉफ्टवेअर स्वतः बसवलं, तर त्यात 'प्रायव्हेट' आणि 'पासवर्ड प्रोटेक्टेड' असे दोन पर्याय मिळतात. 'प्रायव्हेट' केलेली पोस्ट फक्त ब्लॉगचे प्रशासक आणि संपादक यांना दिसते, साध्या सदस्यांना दिसत नाही. पासवर्ड लावलेल्या पोस्टचा मजकूर झाकला जातो, पण शीर्षक सगळ्यांना दिसत राहतं. 'बाबांच्या ऑपरेशननंतरचे दिवस' असं शीर्षक असेल, तर निम्मी बातमी बाहेर गेलीच. सदस्यांची खाती आणि वर्गणी हवी असेल, तर वेगळं प्लगइन घ्यावं लागतं.

घोस्ट. २०१३ मध्ये 'किकस्टार्टर'वर लोकवर्गणीतून उभं राहिलेलं हे सॉफ्टवेअर एक ना-नफा संस्था चालवते. सदस्यत्व हे यात मुळातच आहे, वेगळं प्लगइन लागत नाही. 'फक्त निमंत्रितांनाच प्रवेश' असं सेटिंग करता येतं. सदस्याला पासवर्ड लक्षात ठेवावा लागत नाही. ईमेलवर एक लिंक येते, तिच्यावर क्लिक केलं की तो आत. वर्गणीतून घोस्ट स्वतःसाठी टक्केवारी कापत नाही. मात्र त्यांची तयार सेवा घेतली तर दरमहा भाडं असतं, आणि स्वतःच्या सर्व्हरवर बसवलं तर देखभाल आपल्याकडे येते. सगळ्या सदस्यांना एकदम ईमेल पाठवायचे असतील, तर 'मेलगन' ही वेगळी सेवा जोडावी लागते.

सबस्टॅक. २०१७ मध्ये सुरू झालेली ही सेवा वापरायला सगळ्यात सोपी आहे. पाच मिनिटांत ब्लॉग तयार होतो आणि प्रत्येक लेख ईमेलनेही जातो. 'प्रायव्हेट' सेटिंग केलं तर नव्या वाचकाला आधी विनंती पाठवावी लागते आणि लेखकाने ती मंजूर करावी लागते. मोफत लेखनासाठी शुल्क नाही, पण वर्गणी घेतली तर त्यातले १० टक्के सबस्टॅकचे.

१० टक्के म्हणजे नेमके किती?

समजा एखाद्या लेखिकेचे २०० वर्गणीदार आहेत आणि प्रत्येक जण महिन्याला १०० रुपये देतो. महिन्याचे झाले २०,००० रुपये. त्यातले १० टक्के म्हणजे २,००० रुपये, वर्षाला २४,०००. पैसे वसूल करणाऱ्या पेमेंट कंपनीचं शुल्क याहून वेगळं.

वर्गणीदार २० असतील तर हीच रक्कम वर्षाला २,४०० होते. म्हणजे वाचक कमी असताना टक्केवारी परवडते आणि वाचक वाढले की ठरावीक भाडं स्वस्त पडतं. त्यामुळे सुरुवात कुठे करायची आणि नंतर कुठे जायचं, याची उत्तरं वेगळी असू शकतात.

पण भारतातल्या लेखकांपुढे त्याआधी एक वेगळाच अडथळा उभा राहतो. सबस्टॅक आणि घोस्ट या दोन्ही ठिकाणी वर्गणी घेण्यासाठी 'स्ट्राइप' ही पेमेंट सेवा लागते. आणि स्ट्राइपने २०२४ पासून भारतातल्या व्यवसायांसाठी नवी खाती फक्त निमंत्रणानेच उघडायला सुरुवात केली. म्हणजे सॉफ्टवेअर तयार, वाचक तयार, पण पैसे घ्यायचं खिडकीवर अडलं.

दुसरी अडचण वाचकांच्या बाजूने आहे. रिझर्व्ह बँकेचे कार्डवरून आपोआप पैसे कापण्याबाबतचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून काटेकोरपणे लागू झाले. त्यानुसार ग्राहकाने एकदा रीतसर परवानगी द्यावी लागते आणि प्रत्येक वेळी पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने त्याला कळवावं लागतं. आधी ५,००० रुपयांपर्यंतचे असे व्यवहार ओटीपीशिवाय होत, जून २०२२ मध्ये ती मर्यादा १५,००० झाली. ग्राहकासाठी हे नियम चांगलेच आहेत. पण ही व्यवस्था न जोडलेल्या परदेशी सेवांवर भारतीय कार्ड चालत नाही, आणि मग वर्गणीदार दर महिन्याला गळत जातात.

यावर उपाय म्हणून वर्डप्रेसकडे पाहिलं जातं. 'वूकॉमर्स' या प्लगइनला 'रेझरपे'सारखी भारतीय पेमेंट सेवा जोडता येते आणि वाचकांना यूपीआयनेही पैसे भरता येतात. काम जास्त आहे, पण वाचक प्रामुख्याने महाराष्ट्रातले असतील, तर 'यूपीआय चालतं का?' हा प्रश्न रंगसंगती आणि डिझाइनच्या आधी विचारायला हवा.

कुलूप लावूनही गळती कुठून होते?

खासगी ब्लॉग फुटायला हॅकरच लागतो असं नाही. बहुतेक वेळा वाट साधीच असते.

फोटो. वर्डप्रेसमध्ये पोस्ट झाकली, तरी तिच्यातला फोटो किंवा पीडीएफ एका वेगळ्या फोल्डरमध्ये असतो आणि त्याची थेट लिंक सहसा उघडीच असते. ती लिंक कुणाच्या हाती लागली, तर लॉगइन न करताही फाइल उघडते. सोसायटीच्या ताळेबंदाची पीडीएफ किंवा लहान मुलांचे फोटो टाकण्यापूर्वी हे माहीत असायला हवं. फाइलही झाकतील अशी सोय काही प्लगइनमध्ये असते, पण ती मुद्दाम चालू करावी लागते.

ईमेल. सबस्टॅक आणि घोस्ट पूर्ण लेख ईमेलने पाठवू शकतात. वाचकाला हे सोयीचं आहे. पण एकदा इनबॉक्समध्ये गेलेला लेख परत घेता येत नाही. सदस्याला काढलं तरी जुने सगळे लेख त्याच्याकडे राहतात, आणि 'फॉरवर्ड'चं बटण तर हाताशीच असतं. नाजूक विषय असेल तर ईमेलमध्ये फक्त 'नवीन लेख आला आहे' एवढं कळवून मजकूर ब्लॉगवरच ठेवणं बरं.

स्क्रीनशॉट. यावर कोणत्याच सॉफ्टवेअरकडे खात्रीचा इलाज नाही. मजकूर कॉपी होऊ न देणारी, राइट क्लिक बंद करणारी प्लगइन्स मिळतात, पण मोबाइलवरच्या स्क्रीनशॉटपुढे ती निरुपयोगी ठरतात. इथे भरवसा माणसांवरच ठेवावा लागतो.

खुद्द कंपनी. फेब्रुवारी २०२४ मध्ये '४०४ मीडिया' या वृत्तसंस्थेने बातमी दिली की 'टम्बलर' आणि 'वर्डप्रेस डॉट कॉम' चालवणारी ऑटोमॅटिक कंपनी वापरकर्त्यांचा मजकूर 'ओपनएआय' आणि 'मिडजर्नी' या एआय कंपन्यांना देण्याच्या तयारीत आहे. बातमीत उल्लेख असलेल्या अंतर्गत नोंदीनुसार, टम्बलरवरचा मजकूर गोळा करताना जो घ्यायचा नव्हता तोही गोळा झाला होता, आणि त्यात खासगी पोस्टही होत्या. त्यानंतर 'आमचा मजकूर इतरांना देऊ नका' असं सांगण्याचा पर्याय कंपनीने सेटिंगमध्ये दिला. पण तो पर्याय शोधून चालू करण्याची जबाबदारी वापरकर्त्यावरच आली.

मालक बदलला, भांडण झालं तर?

'लाइव्हजर्नल'ची गोष्ट इथे समजून घेण्यासारखी आहे. १९९९ मध्ये सुरू झालेल्या या सेवेवर 'फक्त मित्रांसाठी' अशी पोस्ट लिहिता यायची. हजारो लोकांनी तिथे अगदी खासगी गोष्टी लिहिल्या. २००५ मध्ये ही सेवा 'सिक्स अपार्ट' या कंपनीने घेतली, टाइपपॅड सुरू करणारी कंपनीही हीच. २००७ मध्ये ती रशियातल्या 'सुप' या कंपनीकडे गेली. २०१६ च्या अखेरीस सर्व्हरही रशियात गेले, आणि २०१७ च्या नव्या अटींनुसार सेवेला रशियाचे कायदे लागू झाले. अमेरिकेतल्या सर्व्हरवर मित्रांसाठी लिहिलेला मजकूर लिहिणाऱ्याला न विचारता दुसऱ्या देशाच्या कायद्याखाली गेला.

भांडणांचा फटकाही वापरकर्त्यांनाच बसतो. एप्रिल २०२३ मध्ये सबस्टॅकने ट्विटरसारखं 'नोट्स' हे फीचर जाहीर केलं, आणि लगेच ट्विटरवर सबस्टॅकच्या लिंक असलेले ट्वीट लाइक किंवा रिट्वीट करण्यावर बंधनं आली. सप्टेंबर २०२४ मध्ये मॅट मुलेनवेग आणि 'डब्ल्यूपी इंजिन' ही होस्टिंग कंपनी यांच्यात जुंपली. त्या कंपनीचा वर्डप्रेस डॉट ऑर्गवरचा प्रवेश बंद केला गेला, आणि तिच्याकडे साइट ठेवलेल्या ग्राहकांचे प्लगइन अपडेट अडले. या भांडणाशी त्यांचा काहीही संबंध नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन तो प्रवेश पूर्ववत करायला लावला.

याउलट 'प्लॅटफॉर्मर'चं उदाहरण. पत्रकार कॅसी न्यूटन यांचं हे न्यूजलेटर सबस्टॅकवर होतं. नाझी विचारांच्या न्यूजलेटर्सबाबत सबस्टॅकने घेतलेली भूमिका न पटल्यामुळे जानेवारी २०२४ मध्ये ते घोस्टवर गेलं. लाखाहून अधिक वाचकांची यादी आणि जुने लेख त्यांना सोबत नेता आले, कारण वाचकांचे ईमेल आणि लेख डाउनलोड करण्याची सोय सबस्टॅक देतं, आणि वर्गणीदारांचं पेमेंट लेखकाच्या स्वतःच्या स्ट्राइप खात्याशी जोडलेलं असतं. दार बंद करण्याइतकीच बाहेर पडण्याची वाटही महत्त्वाची असते, ती अशा वेळी.

भारतातलाही एक जुना अनुभव आहे. जुलै २००६ मध्ये, मुंबईतल्या लोकल बॉम्बस्फोटांनंतरच्या दिवसांत, सरकारने मोजकी वेबपानं बंद करायला सांगितली होती. इंटरनेट कंपन्यांनी त्याऐवजी 'ब्लॉगस्पॉट' आणि 'टाइपपॅड' हे पत्ते सरसकट रोखले, आणि ज्यांचा काही संबंध नव्हता असे असंख्य ब्लॉग भारतात काही दिवस उघडेनात. ब्लॉगचा पत्ता स्वतःच्या डोमेन नावावर असेल, तर शेजाऱ्यामुळे आपलं दार बंद होण्याचा धोका कमी होतो. आणि उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी वाचकांसाठी पत्ता तोच राहतो.

कायदा काय म्हणतो?

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा भारतात ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. नियम टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत आणि बहुतेक जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत आहे.

एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी ठेवलेल्या माहितीला हा कायदा लागू होत नाही. म्हणजे चुलत-मावस भावंडांच्या ब्लॉगसाठी ईमेलची यादी ठेवली, तर काळजी नाही. पण मंडळ, संस्था किंवा वर्गणी घेणारा लेखक सदस्यांची नावं, ईमेल, फोन नंबर साठवतो, तेव्हा प्रकरण घरगुती राहत नाही. कशासाठी माहिती घेतो हे सांगणं, संमती घेणं, सांगितल्यावर माहिती काढून टाकणं आणि ती सुरक्षित ठेवणं या जबाबदाऱ्या येतात. १८ वर्षांखालच्या सदस्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती लागते. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाली, तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. ही कमाल मर्यादा आहे, सरसकट आकडा नव्हे.

युरोपातल्या मराठी मंडळांना २०१८ पासून लागू असलेला तिथला 'जीडीपीआर' कायदाही पाहावा लागतो. दोन्ही कायद्यांतून निघणारा साधा धडा असा की लागत नाही ती माहिती मागूच नये. लेख वाचण्यासाठी ईमेल पुरेसा असेल, तर फॉर्ममध्ये जन्मतारीख आणि पत्ता कशाला?

मराठी ब्लॉगसाठी वेगळं काय बघायचं?

पहिली गोष्ट म्हणजे लिंक. वर्डप्रेसमध्ये देवनागरी शीर्षक दिलं की त्यावरूनच लिंक तयार होते. ब्राउझरमध्ये ती मराठीत दिसते, पण कॉपी करून मेसेजमध्ये टाकली की टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ होते. ज्येष्ठ वाचकांना ती लिंक व्हायरस वाटते आणि ते उघडतच नाहीत. प्रत्येक पोस्टची लिंक रोमन अक्षरांत छोटी करून देणं हा यावरचा सोपा उपाय.

दुसरी गोष्ट म्हणजे सदस्यांना दिसणारी बटणं आणि सूचना. 'तुमच्या ईमेलवर लिंक पाठवली आहे, ती उघडा' हे वाक्य इंग्रजीत आलं, तर काही वाचक तिथेच थांबतात. वर्डप्रेस मराठीत उपलब्ध आहे. बाकी सॉफ्टवेअरमध्ये सूचनांचा मजकूर बदलता येतो का, ते आधी तपासावं.

तिसरी गोष्ट म्हणजे सदस्यांची सवय. गुगल खातं जवळपास प्रत्येक अँड्रॉइड फोनवर असतं, पण त्याचा पासवर्ड आठवत असेलच असं नाही. ज्यांचे ईमेल मुलं किंवा नातवंडं पाहतात, त्यांना ईमेलवर येणारी लॉगइन लिंक अवघड जाते. सॉफ्टवेअर किती भारी आहे, यापेक्षा गटातल्या सगळ्यात कमी सरावाच्या माणसाला आत येता येतं का, हे पाहून निर्णय घेतलेला बरा.

मग कुणी काय निवडावं?

कुटुंब किंवा मित्रांचा छोटा गट: वाचक शंभराच्या आत आणि पैशांचा प्रश्न नाही, तर ब्लॉगर पुरतं. दर दोन-तीन महिन्यांनी 'गुगल टेकआउट'मधून सगळा मजकूर डाउनलोड करून ठेवायचा.

मंडळ, सोसायटी, संस्था: पदाधिकारी बदलतात, म्हणून ब्लॉग कुणा एकाच्या वैयक्तिक ईमेलवर नको. डोमेन, होस्टिंग आणि प्रशासक खातं संस्थेच्या ईमेलवर असावं. वर्डप्रेस आणि सदस्यत्वाचं प्लगइन हा पर्याय योग्य, पण अपडेट आणि बॅकअप कोण करणार, त्या माणसाचं नाव बैठकीत ठरवूनच.

वर्गणीवर लिहिणारा लेखक किंवा पत्रकार: सुरुवातीला मोफत सदस्यत्वावर सबस्टॅक सोयीचं. वर्गणी सुरू करण्याआधी स्ट्राइप खातं मिळतं का ते बघायचं. मिळालं आणि वाचक वाढले, तर घोस्ट स्वस्त पडेल. मिळालं नाही, तर वर्डप्रेस आणि भारतीय पेमेंट सेवा.

नाजूक विषयांवरचा आधारगट: निमंत्रणानेच प्रवेश, टोपणनावाला परवानगी, ईमेलमध्ये पूर्ण मजकूर नाही आणि फोटो टाळलेले, अशा रचनेत घोस्ट किंवा स्वतः बसवलेलं वर्डप्रेस चालू शकतं. पण ज्या मजकुरामुळे कुणाच्या जिवाला किंवा नोकरीला धोका होऊ शकतो, तो कोणत्याच ब्लॉगवर नको. त्यासाठी एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड मेसेजिंग किंवा समोरासमोरची भेट बरी.

सदस्यांना बोलावण्याआधीची अर्ध्या तासाची चाचणी

सॉफ्टवेअर निवडून झालं की लगेच निमंत्रणं पाठवू नका. आधी एक खोटी पोस्ट लिहा, त्यात एक फोटो टाका आणि ती 'फक्त सदस्यांसाठी' करा. मग ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी उघडून पोस्टची लिंक टाका. शीर्षक दिसतंय का? पहिल्या दोन ओळी दिसतायत का? फोटोची थेट लिंक उघडतेय का? तीच लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःला पाठवून पाहा, प्रीव्ह्यूमध्ये काय काय येतं ते कळेल.

त्यानंतर एका मित्राला सदस्य करा, त्याला आत येऊ द्या आणि मग काढून टाका. त्याच्या फोनवर पोस्ट अजून उघडते का, हे त्यालाच विचारा. पासवर्ड लावलेली वर्डप्रेस पोस्ट एकदा उघडली की ब्राउझर तो पासवर्ड साधारण १० दिवस लक्षात ठेवतो, अशा गोष्टी तेव्हाच कळतात.

शेवटी 'एक्सपोर्ट'चं बटण शोधा, दाबा आणि आलेली फाइल उघडून पाहा. देवनागरी अक्षरं नीट आहेत का, फोटो सोबत आलेत की फक्त त्यांच्या लिंक आल्यात, सदस्यांची यादी मिळाली का? फोटो आले नसतील, तर ते वेगळे जपून ठेवण्याची सोय त्याच दिवशी करा. टाइपपॅडवाल्यांना निदान एक महिना मिळाला होता, प्रत्येक कंपनी तेवढा वेळ देईलच असं नाही.